आमच्या वाडीचा इतिहास कोण लिहिणार?

2023च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि त्या दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमधली, एरवी कुणी ढुंकूनही न पाहिलेली कपाटं उघडली. फडक्यात बांधलेले रुमाल खाली आले. मोडी वाचणारे शोधले गेले, उर्दू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मानानं बोलावणी गेली. सगळे एकच नोंद शोधत होते, कुणबी. लातूर-नांदेडकडे ती फार कमी सापडली. त्यानंतर काय काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे, 2 सप्टेंबर 2025चा हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णयही ठाऊक आहे. आरक्षणाच्या वादात मला इथं शिरायचं नाही. मला त्या रुमालांविषयी बोलायचं आहे. हवी ती नोंद दिसली नाही की पान उलटलं जात होतं, आणि त्या उलटलेल्या पानांवर आमच्या गावांचा इतिहास पडून होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माहेर देगलूर तालुक्यातलं, सासर उदगीर तालुक्यातल्या एका वाडीत. वाडी लहान, ग्रामपंचायत गटाची, बसची पाटी शेजारच्या मोठ्या गावाच्या नावाची. चौथीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं प्रतापगड आणि पुरंदर शिकवला, मन लावून शिकवला. त्यांना अफजलखानाच्या भेटीचा सगळा प्रसंग पाठ असायचा. पण आपल्या वाडीची बारव कुणी बांधली, वाडी मूळ गावापासून कधी फुटली, पाझर तलावावर आपल्या कोणत्या आज्या-पणज्यांनी खडी फोडली, हे त्यांना सांगणारं पुस्तक नव्हतं आणि आजही नाही. इतिहास राजांचा आणि किल्ल्यांचा असतो, आपल्यासारख्यांचा नसतो, असं पोरांच्या मनावर बिंबतं ते या गप्प बसण्यातून.

वाडीची 1954-55ची खासरा पाहणी मी नक्कल काढून आणली आणि घरी पसरली. हैदराबाद संस्थान संपून सहा वर्षं झालेली. जहागिरी 1949 सालीच गेल्या, कूळकायदा 1950चा, इनामं रद्द करणारा कायदा 1954चा. म्हणजे जमीन कुणाच्या हातून कुणाच्या हाती जाते आहे, तो नेमका क्षण या कागदावर धरलेला आहे. मालक कोण, कसतो कोण, पीक काय, पाणी कुठलं, रकाने ठरलेले. पिकांमध्ये ज्वारी, तूर, करडई, जवस, थोडा कापूस. सोयाबीन कुठंही नाही. आज खरिपात आमच्या शिवारात दुसरं काही दिसत नाही. ओलिताच्या रकान्यात ओळीनं आडव्या रेघा, मोजक्या नंबरांपुढं विहीर. एका नंबरापुढं बारव. एका नंबरापुढं खिदमतमाश, म्हणजे देवस्थानाच्या चाकरीपोटी दिलेली इनाम जमीन. पुरुषांच्या नावापुढं ‘पि.’ लावून बापाचं नाव, बाईचं नाव आलंच तर पुढं ‘भ्र.’ आणि नवऱ्याचं नाव. आणि एका जागी एका मुसलमान शेतकऱ्याचं नाव मालकाच्या रकान्यात, तर कसणाराच्या रकान्यात दुसऱ्याचंच. त्या मालकाचं घर आज वाडीत नाही. त्याच्याकडं मी पुढं येणार आहे.

एका वाडीची एका वर्षाची एवढी हकिगत चार पानांवर मिळते. यात दंतकथा नाही, भाटाची स्तुती नाही. पटवाऱ्यानं पोटासाठी लिहिलेला कागद आहे. त्याच्या शेजारी माणसांची आठवण ठेवली की कागद बोलायला लागतो. आमच्या आत्याबाई शेतांना नंबरानं कधीच ओळखत नसत. चिंचेचं, आडवं, पांदीकडचं, मोटेचं, गुरवाचं, काजीचं, हाडोळा. प्रत्येक नावात एक हक्क आहे, एक झाड आहे नाहीतर एक माणूस आहे. सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, पुढं सातबारा संगणकावर आला, आणि ही नावं कुठल्याही कागदावर उतरली नाहीत. ती साठीच्या पुढच्या माणसांच्या तोंडात आहेत. नातवंडं ‘गट नंबर अमुक’ म्हणतात, तेही वाटणीचा विषय निघाला तर.

कागद शोधणं सोपं नाही, हे मी मान्य करते. आमचा उदगीर तालुका, तसेच निलंगा आणि अहमदपूर, 1956पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा ते उस्मानाबादेत आले आणि 16 ऑगस्ट 1982ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. तिकडं नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादला गेला, किनवट आदिलाबादहून नांदेडात आलं. गाव जागच्या जागी राहिलं, पण त्याचे कागद तीन जिल्ह्यांत आणि दोन-तीन राज्यांत पांगले. काही हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहेत. लिपी मोडी, नाहीतर कारकुनी वळणाची उर्दू-फारसी. सारा निजामाच्या हाली रुपयांत. साल फसली, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो. महिने आजूर, दय, बहमन अशा नावांचे. हे सगळं वाचू शकणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. समितीच्या निमित्तानं ती एकदा कामाला लागली, कागद स्कॅन झाले. सरकारनं ते काम एका प्रश्नाच्या उत्तरापुरतं ठेवू नये. ज्या गावचा कागद त्या गावाला त्याची प्रत आणि देवनागरी वाचन मिळालं पाहिजे. खर्चाचा मोठा भाग झालेलाच आहे.

आणि हा कागदोपत्री इतिहास तसा अलीकडचा. माझ्या माहेरच्या भागात होट्टल आहे. देगलूरपासून जवळ. उत्तर चालुक्यांच्या काळातली तिथली देवळं, सिद्धेश्वराचं सगळ्यात मोठं, आता डागडुजी होऊन नीट उभी आहेत, महोत्सवही भरतो. लहानपणी आम्ही तिथं जत्रेला जात असू तेव्हा दगडावर कोरलेली अक्षरं म्हणजे देवाची लिपी, ती वाचणाऱ्याला धन सापडतं, असं मोठी माणसं सांगत. ती अक्षरं कन्नड आहेत. नांदेड जिल्ह्यातले असे लेख श्रीनिवास रित्ती आणि ग. चं. शेळके यांनी गोळा करून 1968 साली पुस्तकात आणले, नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाच्या आधारानं. आज सहजी न मिळणारं ते पुस्तक मी ग्रंथालयात बसून पाहिलं. या काळातल्या लेखांत बहुधा दान असतं. देवाला इतके मत्तर जमीन, दिव्याला तेल, फुलांसाठी मळा, आणि जमिनीच्या चतुःसीमा. अमुक ओढा, तमुक वाट, शेजारच्या गावाची शीव. हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनानं शीव लिहून ठेवली म्हणून आपल्याला गाव कुठवर होतं ते कळतं. आमच्या भागात पाऊल टाकावं तिथं असा एक थर आहे. वर मराठी, खाली उर्दू, त्याखाली कन्नड, देगलूर-बिलोलीकडं तेलुगू. येळवशीला कडब्याची कोप घालून, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडून, अंबील शिंपडत शेताला फेरी घालताना आम्ही ज्या आरोळ्या देतो त्याही निम्म्या कानडी वळणाच्या आहेत. इतका भरलेला इतिहास आणि गावाच्या नावावर एक वही नाही.

यावर लोक म्हणतात, लहान गावात लिहिण्यासारखं असतं तरी काय? इंग्लंडचं उदाहरण देते. तिथं विल्यम राजानं 1086 साली गावोगावची पाहणी करवली. नांगर किती, गिरण्या किती, कुळं किती, हे डोम्सडे बुकात आजही वाचता येतं. 1538पासून प्रत्येक पॅरिशनं बारसं, लग्न, मृत्यू नोंदवायचं ठरलं. 1899मध्ये ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्ट्री’ नावाचं काम सुरू झालं, पॅरिशवार, खेड्याखेड्याचा इतिहास लिहिण्याचं. ते अजून चालू आहे. लेस्टरच्या विद्यापीठात 1948 साली फक्त स्थानिक इतिहासाचा विभाग निघाला. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या माणसानं लोकांना शिकवलं की शेताचा बांध, वाकडी वाट, झाडांची रांग हेही दस्तऐवज असतात. आणि यॉर्कशरमधलं व्हॅरम पर्सी. मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुणब्यांना उठवलं गेलं आणि 1500च्या सुमारास ओस पडलं असं एक खेडं. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी तिथं 1950 ते 1990, दर उन्हाळ्यात, चाळीस वर्षं खणलं. राजा नाही, लढाई नाही, खजिना नाही. शेतकऱ्यांची घरं कशी होती, ते काय खात होते, किती वर्षं जगत होते, एवढंच जाणून घ्यायला.

आता किल्लारीकडे या.

30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले. सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी अशी किती नावं घ्यावीत. बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. त्या गावांची घरं आमच्या घरांसारखीच होती. दोन-अडीच फूट रुंद दगडमातीच्या भिंती, वर माळवद, माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी घरधनीण नवी माती टाकून ती चोपून घ्यायची, म्हणजे पाणी गळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असा थर चढत गेला आणि तो सगळा भार त्या पहाटे खाली आला. जिथं माळवद लाकडी खांबांवर, खणांवर तोललेलं होतं तिथं भिंती पडल्या तरी छत पुष्कळदा उभं राहिलं. ही गोष्ट अभियंत्यांनी अहवालात लिहिली. पण कुणाच्या घराला किती खण, कोणत्या आळीत लाकूड परवडत होतं आणि कुणाला नव्हतं, हे गावानं लिहिलं नाही.

नवी गावं सरळ रेघेची झाली. रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट. घर जमिनीच्या मापानं मिळालं. भूमिहीनाला 250 चौरस फूट, मधल्याला 450, मोठ्या शेतकऱ्याला 750. जुन्या गावात माणूस आळीनं ओळखला जायचा, नव्यात प्लॉटनं. जुन्या गावठाणावर वेड्या बाभळी माजल्या. जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, दर 30 सप्टेंबरला मानवंदना होते, ती व्हायलाच हवी. पण स्तंभावरून गाव समजत नाही. वेस कुठं होती, चावडी कुठं, कोष्ट्यांची घरं कुठं, कोणत्या पारावर कोण बसायचं, दोन पाणवठे कसे वेगळे होते, पेवं कुठल्या वाड्यात होती, हे सांगणारी माणसं आज हयात आहेत. 1993 साली जी विशीत होती ती पन्नाशी ओलांडून गेली; जी पन्नाशीत होती त्यांतली थोडीच उरली. इंग्रजांनी ओस पडलेल्या खेड्याची माणसं मेल्यावर साडेचारशे वर्षांनी खणायला घेतलं, कारण त्यांना दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडं अशी बावन्न गावठाणं आहेत, ज्यांच्या ओस पडण्याचं मिनिट ठाऊक आहे आणि ज्यांच्या घराघराचा पत्ता सांगणारी माणसं जिवंत आहेत. त्यांना हाताला धरून जुन्या गावठाणात नेऊन नकाशा काढून घ्यायला खोरं-कुदळसुद्धा लागत नाही. मला वाटतं, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांनी पुढच्या दोन वर्षांत दुसरं काही केलं नाही तरी चालेल, हे करावं.

ओस गावं भूकंपानंच झाली असं नाही. महसुली नकाशावर बेचिराग गावं असतात. नाव आहे, शीव आहे, सारा आहे, घर एकही नाही. साथीनं उठली, दुष्काळानं उठली, पेंढाऱ्यांच्या भीतीनं उठली, प्रत्येकाबद्दल शेजारचं गाव काही ना काही सांगतं. अशा जागची पांढरी आमच्याच लोकांनी माळवदासाठी आणि शेतात टाकायला वाहून नेली. खापराचे तुकडे, मणी, जुनी नाणी त्या मातीबरोबर गेली. तेरला मात्र रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या एका व्यापाऱ्यानं ही मोडतोड वेचून ठेवली. पावसाळ्यात पांढरीतून वर येणारे मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या वस्तू त्यांनी घरात जमवल्या, आणि आज तेरचं सरकारी संग्रहालय त्यांच्या नावानं उभं आहे. सातवाहनकाळी रोमशी व्यापार करणारं तगर म्हणजे हे तेर, हे जगाला दाखवायला त्या संग्रहाचा किती उपयोग झाला! इतिहासाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. आपल्या गावावर जीव होता.

इथवर लिहिलं ते कुणालाही गोड वाटेल. पुढचं लिहिणं अवघड आहे, पण ते टाळून गावाचा इतिहास लिहायचा असेल तर मला त्यात रस नाही.

दर 17 सप्टेंबरला शाळेत झेंडा लावून आम्ही मुक्तिसंग्राम सांगतो. तो खरा आहे आणि मोठा आहे. 1946मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांना रझाकारांनी मारलं. 1948च्या जानेवारीत उमरीची बँक लुटून क्रांतिकारकांनी लढ्याला पैसा उभा केला. आमच्या भागात देवर्जनजवळच्या हत्तीबेटाच्या आसऱ्यानं तरुण लढले. रझाकारांच्या भीतीनं बाया-पोरं घेऊन लोक रात्री शेतांत निजले, ते माझ्या आत्याबाईंनी स्वतः भोगलं होतं. हे सगळं गावागावानं लिहिलं पाहिजे, कोण कुठं लपलं, कुणी भाकरी पोचवल्या, कुणाचं घर जळलं, नावानिशी. पण 18 सप्टेंबर 1948ला गाव संपत नाही. पोलीस कारवाईनंतर जे झालं ते पाहायला केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. तिनं संस्थानभरात 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे नोंदवले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. म्हणजे आजचे लातूर आणि नांदेड जवळजवळ पूर्ण त्यात आले. मेलेल्यांत रझाकार होते तसे बागवान, पिंजारी, शेतमजूरही होते. तो अहवाल कित्येक वर्षं बंद राहिला. गावांनीही त्यावर तोंड उघडलं नाही.

खासऱ्यातल्या त्या नावाचं उत्तर मला वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं दिलं, तेही मी चुलीपाशी एकटी असताना. तो माणूस रझाकार नव्हता. गुळाचा व्यापार करायचा, येळवशीला हिंदूंच्या शेतात जेवायला यायचा. सप्टेंबरच्या त्या आठवड्यात त्याचं घर गेलं, उरलेली माणसं रातोरात बीदरकडे निघून गेली. “कशाला लिवूलालाव हे, बाई?” असं ती मला विचारत होती आणि सांगतही होती. सत्तर वर्षं तिनं ते सांभाळलं होतं, आणि कुणीतरी विचारावं अशी तिची वाट होती असं मला वाटलं. काजीचं शेत आम्ही आजही काजीचं म्हणतो. काजी कुठं गेला, हे वाडीच्या वहीत यायलाच हवं, ज्या पानावर रझाकारांनी जाळलेली घरं येतील त्याच्याच शेजारच्या पानावर.

तसंच नामांतराचं. 1978च्या जुलैत विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि पुढच्या काही दिवसांत नांदेड-परभणीकडच्या किती गावांत दलित वस्त्या जळल्या. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. 14 जानेवारी 1994ला नाव आलं. या सोळा वर्षांत प्रत्येक गावात काहीतरी घडलं. कुणी वस्तीची वाट अडवली, कुणी आपल्या वाड्यात लपवून घेतलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हाडोळ्याची, म्हणजे महार वतनाची, जमीन कुणाच्या नावे होती आणि आज कुणाच्या ताब्यात आहे, हाही इतिहासच आहे.

“यानं गावात भांडणं लागतील,” असं एका सरपंचांनी मला कळकळीनं सांगितलं. त्यांची भीती मी समजू शकते. बांधावरून कोर्टात गेलेली घरं प्रत्येक गावात आहेत. पण भांडणं न लिहिल्यानं मिटलेली मी पाहिली नाहीत. उलट ज्याच्याजवळ मोठा वाडा, ज्याच्या घरात जुना फोटो, त्याचीच कथा गावाची कथा होऊन बसते. दोन घरांची सांगी वेगळी असेल तर दोन्ही लिहाव्यात, सांगणाऱ्याचं नाव घालून. वहीत निकाल द्यायचा नसतो.

बायकांचं वेगळं सांगते, कारण मी बाई आहे. आमच्याकडं देवणी जनावराला मान आहे. वानेरा, बालंक्या, शेवेरा या जाती पोरगासुद्धा नजरेनं ओळखतो. खोंड कोणत्या गाईचं, ती गाय कुणाच्या दावणीची, तिचा वळू कुठला, हे आमचे पुरुष तीन पिढ्या मागं सांगतात. आपल्या पणजीचं नाव विचारलं की गप्प होतात. कागदावर ती ‘भ्र.’च्या अलीकडं असली तर असली, नाहीतर नाही. पण वाडीतली प्रत्येक बाई दुसऱ्या गावाहून आलेली आहे आणि येताना त्या गावचं बी, लोणच्याची रीत, ओव्या, आजाराची औषधं घेऊन आली आहे. कोणत्या गावच्या लेकी आपल्या वाडीत आल्या आणि आपल्या कुठं गेल्या एवढं जरी काढलं तरी शंभर वर्षांची सोयरीक, दुष्काळात कोण कुणाकडं राहायला गेलं, सगळं समोर येतं. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. ते काम नसतं तर पीठगिरणी आली त्या दिवशी तो ठेवा संपला असता. 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांत बायका निम्म्याहून कमी नव्हत्या. मिलोची लाल भाकरी, सुकडी, कामावर झोळीत निजवलेलं लेकरू, हे त्यांच्याकडूनच ऐकावं. त्या हाजरीपटावर तरी त्यांची स्वतःची नावं होती.

त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 साली आला. त्यात गाव कसं चालतं ते बारकाईनं आहे, पण ते इंग्रजी अमलातलं गाव आहे. माली पाटील, पोलीस पाटील, पटवारी, मदतमाश, हाली सिक्का असलेलं आमचं निजामी गाव कुणी तसं लिहिलं नाही. म्हणून हे काम गावानंच करावं लागेल, आणि ते करण्यासारखी परिस्थिती आज आहे. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली आहे, नकाशे तयार आहेत. तो नकाशा मोठा छापून देवळात मांडावा, म्हाताऱ्या माणसांना बोलवावं, आळ्यांची, आडांची, पारांची नावं त्यावर पेन्सिलीनं लिहून घ्यावीत. तलाठ्यांनी खासऱ्याची नक्कल फी न घेता द्यावी. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या पदवीच्या मुलांना आता क्षेत्रीय प्रकल्प करावाच लागतो. इतिहासाच्या, मराठीच्या, भूगोलाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचं स्वतःचं गाव द्यावं. पोरांच्या हातात मोबाईल आहे, आजीचा आवाज त्यात धरता येतो. तांड्यांना विसरू नये. जळकोट, मुखेड, कंधारकडचे कितीतरी तांडे ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतात, त्यांच्याकडं दिवाळीआधीच जावं लागेल.

आमच्या वाडीत आम्ही सुरुवात केली आहे. शेतांच्या नावांची यादी आधी घेतली, कारण त्यात कुणाला भीती वाटत नाही आणि प्रत्येकाला काही ना काही येतं. त्या यादीवरून माणसं आपोआप बोलू लागली. बारवेचा गाळ काढला तेव्हा आतल्या कोनाड्यात कोरलेला दगड दिसला आहे, तो वाचायला देगलूरकडच्या एका प्राध्यापकांना बोलावणार आहोत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत गट ग्रामपंचायतीपुढं ठराव मांडायचा आहे. वही करायची, पानांना आकडे घालायचे, सांगणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची सही घ्यायची, एक प्रत तहसीलला आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पाठवायची. मूळ वही शाळेत ठेवायची, असं मी सुचवणार आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली दर पाच वर्षांनी हात बदलते, आणि 1948चं पान त्या वहीत राहिलं पाहिजे.